दाराआड उभी माणसं

"पूजेला तो पिक्चर लावू नकोस गो," असं सुभद्रामावशी मनवाला म्हणाल्या होत्या. तेव्हा त्या आपल्या दारात बसून सुक्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या आणि मनवा शेजारी उकिडवी बसून मदत केल्यासारखं करत होती. का नको, असं तिने विचारलं, तर मिरचीवरची नजर न उचलता मावशी म्हणाल्या, "पिक्चर बघून माणसं शहाणी होत नाय. पिक्चरसारखी होतात."

मनवा हसली होती. मावशींना रडके पिक्चर सोसत नाहीत, त्या मधेच उठून चहा टाकायला जातात, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. तिने त्या बोलण्याचा तेवढाच अर्थ घेतला आणि विषय बदलला.

लालबागची ती जुनी चाळ पाडली तेव्हा तिच्या एका मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी बिल्डरकडे एकच हट्ट धरला होता, की टॉवरमध्ये आम्हाला एकाच मजल्यावर द्या. ते मिळालं. लिफ्ट आली, घरात संडास आला, दारांना पितळी कड्या आणि बाहेर बघायचं भिंग आलं. पण सकाळी दूध येऊन गेलं की आठव्या मजल्यावरची दारं उघडायची ती दिवेलागणीपर्यंत लागायची नाहीत. वाऱ्याने आपटू नयेत म्हणून कुणी दाराला पाटा लावायचं, कुणी स्टूल, कुणी चपलांची फळी. खालच्या-वरच्या मजल्यांवरचे लोक लिफ्टमधून बघून हसायचे. टॉवरात आले तरी चाळ काही सुटत नाही, म्हणायचे.

ही दारं उघडी होती म्हणून अनिशचं चाललं होतं.

अनिश मनवाचा मुलगा, सहा वर्षांचा. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं त्यालाही आता बराच काळ झाला. त्याच्या तोंडात आवाज आहेत, एक घुमणारा, आनंदाचा, आणि एक दातांतून येणारा, नको म्हणायचा. शब्द नाहीत. काही हवं असलं की तो समोरच्याचं मनगट धरायचा आणि चालू लागायचा. तोंडाकडे बघायचं नाही, थांबायचं नाही. फ्रिजपाशी नेऊन तुमचा हात फ्रिजवर ठेवला की झालं त्याचं वाक्य. शेजारच्या चिंतामणीकाकांचं मनगट धरून तो त्यांच्या गॅलरीत जायचा, कारण तिथून लालबागचा पूल दिसतो आणि पुलावरून जाणाऱ्या बसगाड्यांची टपं. सुभद्रामावशींचा हात मसाल्याच्या डब्यावर ठेवायचा. त्यांनी झाकण उघडलं की लांबून वास घ्यायचा, शिंकायचा, आणि पुन्हा हात डब्यावर. डोकं दुखलं तर मनवाचा तळवा नेऊन कपाळावर दाबायचा. परळला त्याची थेरपी घेणारी प्रिती सांगायची, हे बोलणंच आहे. याला चित्रांची कार्डं जोडू, पुढेमागे शब्द येईल किंवा येणारही नाही, पण पाया हा आहे. हा हलू देऊ नका.

मनवाला ते पटलेलं होतं. ती एम.कॉम. झालेली, फोर्टला एका विमा कंपनीत नोकरीला, मुलासाठी बिनपगारी रजा घेऊन घरी बसलेली. मिळेल ते वाचायची, मुलाच्या खोकल्याच्या आवाजात फरक पडला तरी तिला झोपेत कळायचं. पण हे सगळं शेजाऱ्यांना समजावून सांगायचं म्हटलं की तिच्या अंगातलं बळ जायचं. प्रत्येक घरात तेच सांगायचं, आणि त्यावर आमच्या भावजयीचा मुलगाही पाच वर्षं बोलत नव्हता, आता वकिली करतो, हे ऐकून मान हलवायची. म्हणून यंदा मजल्याच्या पूजेचं यजमानपण तिच्या घरी आलं तेव्हा तिला वाटलं, आपण दमलो आहोत तर पिक्चरच सांगेल.

पूजेचा पिक्चर ही चाळीपासूनची रीत. सत्यनारायण झाला, तीर्थप्रसाद झाला की संध्याकाळी पडदा बांधायचा, पूर्वी चाळीच्या चौकात, आता सोसायटीच्या हॉलमध्ये. ज्या घरचं यजमानपण त्या घरच्या बाईने पिक्चर निवडायचा आणि बाकीच्यांनी तो शेवटपर्यंत बघायचा, आवडो न आवडो.

पिक्चर चांगलाच होता, बक्षिसं मिळालेला. डोंगरातल्या बंगल्यात एक आई आणि तिचा न बोलणारा मुलगा. मुलगा खिडकीशी बसून असतो. त्याचे केस सदा नुकतेच धुतल्यासारखे, शर्टावर कधी वरणाचा डाग नाही. त्याला असह्य होतं तेव्हा तो अलगद डोळे मिटतो आणि मागे बासरी वाजते. तो कुणाला ओढत नाही, कुणाला बोचकारत नाही, त्याच्या आईला कधी संडास धुवावा लागत नाही. मनवाने हे सगळं टिपलं आणि तरी तिचे डोळे भरून आले. शेवटी ती आई थकते. एका सकाळी मुलाला अंगणात ठेवून दार लावून घेते आणि दाराला पाठ टेकून उभी राहते. बाहेर मुलगा दारावर थापा मारतोय, आत हिच्या गालांवरून पाणी. थापा वाढतात, मग थांबतात. आणि मग बाहेरून आवाज येतो, "आई." दार उघडतं. पडद्यावर नावं सुरू होतात.

हॉलमध्ये दिवे लागले तरी कुणी उठेना. चिंतामणीकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सुभद्रामावशी त्या दिवशी चहा टाकायला उठल्याच नाहीत, पदर तोंडाला लावून हुंदके देत बसल्या. अनिश खुर्च्यांखाली पाठीवर पडून प्रोजेक्टरच्या झोतातली धूळ बघत होता. जाता जाता प्रत्येकीने वाकून त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मनवाला वाटलं, काम झालं.

काम झालंच होतं, फक्त तिला वाटलं ते नव्हे.

दुसऱ्या दिवशी अनिशने चिंतामणीकाकांचं मनगट धरलं, तर काकांनी हात मागे घेतला. "काका म्हण. एकदाच. मग गाड्या," असं ते त्याला सांगत होते, अगदी मायेने, गुडघ्यांवर वाकून. अनिशने दुसरा हात धरला. काकांनी तोही पाठीमागे नेला. पलीकडच्या घरी बिस्किटाचा डबा उंच कपाटावर गेला. हात आखडले तसा तो चिडला, ओढू लागला, एकीच्या बांगड्या फुटल्या. मग दारं लागायला लागली. मनवाला ते कळलं कानांनी. दुपारी तिच्या लक्षात आलं, की मजल्यावर कुणाचा कुकर ऐकू येत नाही, कुणाची मालिका ऐकू येत नाही.

ती बाहेर आली तर काका पॅसेजमध्येच भेटले. काळजी करू नकोस म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, तू आई आहेस, तुझ्याने होणार नाही, म्हणून आम्ही करतो.

"काय करणार, काका?"

"तेच, पिक्चरमधलं. प्रेमाने हो, उगाच मारझोड नाही. फक्त लाड बंद. गरज पडली की फुटेल वाचा."

इथे तिने नाही म्हणायला हवं होतं. प्रितीने सांगितलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू नातवाची मुंज ठरवून आले आहेत. घरी हितेंद्रला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "कुठल्या टॉवरमध्ये शेजारी एवढं करतात? करू दे की." आणि खरं सांगायचं तर या दोघांच्या पलीकडचंही एक होतं. आशा मोठी चिवट. मनवाने वाचून वाचून, स्वतःला समजावून ती कशीबशी झोपवली होती. दोन तासांच्या पिक्चरने ती डोळे चोळत उठून बसली होती.

म्हणून तिनेही एका दुपारी ते केलं. अनिश पॅसेजमध्ये होता, तिने दार लोटलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. पिक्चरमधली बाई उभी होती तशीच. ते लक्षात आल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, पण ती हलली नाही.

थापा आल्या नाहीत. तिने कान लावला. काहीच नाही. भिंगातून पाहिलं, तर समोरच्या दाराचं तोरण आणि रिकामी फरशी. त्या भिंगातून मूल दिसत नाही, उंची पुरत नाही. आणि मग तिच्या मनात आलं, की या क्षणी समोरच्या दाराआडही कुणीतरी असंच उभं असेल. शेजारच्याही. मजल्यावरचं प्रत्येक दार बंद आणि प्रत्येक दाराआड एक माणूस जीव कानात आणून, डोळ्यांत पाणी आणून उभा. आणि मधल्या पॅसेजमध्ये एक पोर, ज्याला हे कळायची काही सोयच नाही, की आपल्यासाठी कुणी उभं आहे. त्याच्या लेखी दारं लागली, एवढंच.

तिने कडी काढली. अनिश भिंतीशी बसला होता. उजव्या हाताने त्याने स्वतःचंच डावं मनगट धरलं होतं. थोडं ओढायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा.

तिने त्याला उचलून आत आणलं. आपल्या घराचं दार त्यानंतर तिने लावलं नाही. पण बाकीच्यांना ती काही बोललीही नाही. उद्या बोलू, नीट शब्द जुळवून बोलू, असं करत राहिली. दमलेल्या माणसाचा उद्या लांबतच जातो.

हळूहळू अनिशने जाणं सोडलं. पॅसेजमध्ये फिरायचा, दारांसमोरून जायचा, पण हात उचलायचा नाही. मजल्याला वाटलं, गुण येतोय. ओढाओढी थांबली, किती शांत झाला बघ, आता शब्दच यायचा राहिला, असं लिफ्टपाशी एकमेकींना सांगणं चाललं होतं. मनवाला दिसत होतं ते वेगळंच. तो तिचंही मनगट धरेनासा झाला होता. तहान लागली तर ओट्याशी जाऊन नुसता उभा राहायचा. पाणी मिळालं तर प्यायचा, नाही मिळालं तर थोड्या वेळाने निघून जायचा. ती अंदाजाने पेला पुढे करायची, अंदाजाने वरणभात, अंदाजाने संडासला न्यायची. प्रितीला फोन केला तर तिने विचारलं, मजल्यावर काही बदललं का. मनवाने पाहुणे आले होते म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात अनिश जेवेनासा झाला. मान एका बाजूला कलती ठेवून बसायचा. अंग जरासं कोमट. मनवाने छाती ऐकली, घसा बघितला, सर्दी म्हणून वाफ दिली. कपाळावर तळवा ठेवला, तर त्याने तो तसाच राहू दिला, दाबला नाही की झटकला नाही. मग एका सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. त्याच्या कानातून पू येत होता.

दादरच्या कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि पडदा फुटलाय म्हणाले. भरून येईल, घाबरू नका, पण बरेच दिवस ठणकत असणार. मोठा माणूस रडतो याला.

"सांगितलं नाही त्याने?" त्यांनी औषध लिहिता लिहिता विचारलं.

अनिशला मांडीवर घेऊन बसलेला हितेंद्र म्हणाला, "सांगायचा. पूर्वी सांगायचा."

तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा बाकावर बसून मनवाने मोबाइलवर तो शेवटचा सीन पुन्हा लावला, आवाज बंद करून. बाई दाराला टेकलेली, बाहेर मुलगा. बासरी नसली की ते सगळं भलतंच दिसत होतं. मुलगा थापा मारता मारता मधेच एकदा बाजूला बघत होता, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. आता का? आता म्हणू का? असं विचारल्यासारखा. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. शेजारी अनिश कापूस घातलेला कान वर करून कलंडला होता.

घरी येऊन त्याला निजवलं आणि ती सुभद्रामावशींच्या दाराशी गेली. कडी वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. मावशी आत दाराशीच उभ्या होत्या.

कानाचं सांगितल्यावर त्या मटकन स्टुलावर बसल्या. मनवाला भांडायचं होतं, पण त्यालाही ताकद लागते.

"तुम्हीच म्हणाला होतात ना मावशी, पिक्चर लावू नकोस?"

"म्हटलं होतं."

"मग तुम्ही पण?"

"मी काय आकाशातून पडले? मी पण हॉलमध्येच बसले होते ना गो." त्यांनी पाय पुढे करून दाखवले, घोट्याशी सुजलेले. "रोज दुपारी उभी राहते हितं. म्हटलं, एकदा तो मावशी म्हणू दे. मग डबाच देऊन टाकते त्याला, शिंकत बस म्हणते जन्मभर."

"तो नाही म्हणणार. त्याच्याकडे तो शब्दच नाही, मावशी. लपवून ठेवलेला नाही त्याने."

"मग त्या पोराला कसा आला?"

"त्याच्याकडे पहिल्यापासून होता. बोलता येणारं पोर होतं ते. पिक्चरात काम करणारं. त्याला फक्त शेवटपर्यंत गप्प बसायला सांगितलं होतं."

हे काही मावशींना माहीत नव्हतं असं नाही. पिक्चर म्हणजे नाटक, हे त्या मिरच्या खुडता खुडता तिला सांगत होत्याच. पण माहीत असलेलंही रडताना सुटतं. त्या उठल्या, पाटा ओढून दाराला लावला आणि चिंतामणीकाकांकडे निघाल्या. काकांना त्या काय बोलल्या ते मनवाने ऐकलं नाही. आवाज मात्र मजलाभर गेला. संध्याकाळपर्यंत सगळी दारं उघडली.

पण अनिश आला नाही.

दार उघडलं की पोर धावत येईल, असं कुठेतरी सगळ्यांना वाटलं होतं. तेही पिक्चरमधलंच. तो आपल्या घराच्या उंबऱ्याशी बसून राहायचा, उघड्या दारांकडे बघायचाही नाही. चिंतामणीकाका त्याच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर मांडी घालून बसायचे, रक्त तपासायला द्यावा तसा हात पुढे करून. खांदा अवघडला की हात बदलायचे. येणारे-जाणारे लिफ्टमधून विचारायचे, काय काका, बीपी वाढलं काय, तर ते गप्प बसा म्हणून खूण करायचे. सुभद्रामावशी डबा घेऊन यायच्या आणि त्याच्यापाशी झाकण उघडून ठेवायच्या. तो शिंकायचा. हात धरायचा नाही.

प्रितीला मनवाने आता सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. पुन्हा पहिल्यापासून, एवढंच म्हणाली. किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि जे येईल ते पूर्वीसारखंच असेल असंही नाही. हात आपण मागे घेतले होते, आता पुढे आपणच करायचे, त्याने धरेपर्यंत. मनवाने विचारलं, आणि नाही धरले तर? तरी करायचे, प्रिती म्हणाली.

आणि रजा संपत आली होती. ऑफिसने आणखी वाढवून द्यायला नकार दिला होता. हितेंद्रची पाळी सकाळची, तो चारला येणार, म्हणजे तोवर अनिश मावशींकडे. त्या तासांचा विचार आला की मनवाला पुढचं सगळं दिसायचं. मुलगा मागणार नाही, रडणार नाही, दुखलं तरी कुणाचा हात नेऊन तिथे ठेवणार नाही, आणि लोक म्हणणार, किती गुणी.

रविवारी दुपारी ती मजल्याच्या ग्रुपवर लिहायला बसली. आधी ऑटिझम म्हणजे काय इथपासून सुरू केलं, पिक्चरमध्ये काय खोटं होतं ते लिहिलं, चार लिंका जोडल्या. हितेंद्रने वाचलं आणि म्हणाला, "मनवा, एवढं कुणी वाचणार नाही. काय करायचं ते सांग." तिने सगळं पुसलं. अनिश उंबऱ्याशी पालथा पडून फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवत होता. त्याच्याकडे बघत बघत तिने पुन्हा लिहिलं, आणि पाठवून टाकलं.

"उद्यापासून मी ऑफिसला. चारपर्यंत अनिश सुभद्रामावशींकडे असेल. तो काही मागणार नाही, म्हणून येता-जाता तुम्हीच थांबा. पाणी दाखवा. कानाला हात लावून बघा, तोंड वाकडं करतो का. हात पुढे करा, आणि त्याने धरला नाही तर मनाला लावून घेऊ नका, उद्या पुन्हा करा. बोल म्हणू नका.

"आणि हा मेसेज फिरत फिरत दुसरीकडे गेला असेल, तुम्ही आम्हाला ओळखत नसाल, तर तुम्हालाही एक सांगते. तुमच्या मजल्यावर, तुमच्या जिन्यात एखादं मूल असेल. पूर्वी यायचं, ओढायचं, जीव नको नको करायचं. हल्ली येत नाही. लोक म्हणतात, शांत झालं. ते सुधारलं असं धरून चालू नका. ते हाक मारेल म्हणून थांबू नका. आत्ता उठा, आणि जाऊन त्याला बघून या."